अॅम्बेसेडरच्या मॅनिफोल्डमधली हवा

घाट चढताना गाडी उत्तम आणि उतरताना वाईट, या एका गोष्टीने मला योग्य जागी नेऊन पोचवलं. आमची अॅम्बेसेडर मार्क २ आहे, १९७२ची, आजोबांनी घेतलेली. इंदूरहून महू, मानपूर करत महेश्वरला जाताना भेरू घाट लागतो. परतताना गुजरीकडून वर चढताना इंजिन एका सुरात ओढायचं. पण जाताना उतारावर पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला की सायलेन्सरमधून फट्ट-फट्ट आवाज सुरू व्हायचे. पुढे टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की इंजिनाचा आवाज चढायचा, बसायचा, पुन्हा चढायचा, आणि कधी कधी गाडी सरळ बंदच पडायची.

त्याआधी एका गॅरेजात एक्झॉस्टचं काम झालं होतं. त्यासाठी मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या (इनटेक) आणि धूर बाहेर नेणाऱ्या (एक्झॉस्ट) नळ्यांचा जोड, उतरवलं होतं आणि परत बसवताना पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना काळं सिलिकॉन भरपूर थापलं होतं. फ्लँजच्या, म्हणजे इंजिनावर टेकणाऱ्या चपट्या तोंडाच्या, कडेने ते बाहेर आलेलं वरूनसुद्धा दिसत होतं. तेव्हापासून हा त्रास सुरू झाला. प्रत्येक वेळी त्यावर उपाय मात्र कार्ब्युरेटरवरच व्हायचा. मिक्श्चरचा स्क्रू थोडा उघडायचा, स्लो (आयडलिंगचा वेग) वाढवायचा. पेट्रोल जास्त लागायला लागलं, तरी काही प्लग पांढरेच निघत होते, म्हणजे तिथे पेट्रोलच्या मानाने हवा जास्तच होती.

थ्रॉटल, म्हणजे अॅक्सिलरेटरने उघडणारी कार्ब्युरेटरमधली झडप, बंद असतो तेव्हा इनटेकमध्ये पोकळी (व्हॅक्यूम) सगळ्यात जास्त असते आणि इंजिनात जाणारी एकूण हवा सगळ्यात कमी. अशा वेळी फटीतून शिरलेली थोडीशी हवासुद्धा त्या मानाने खूप होते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग हे प्रमाण तिथे पार बिघडतं. उलट, थ्रॉटल पूर्ण उघडला की पोकळी जवळपास संपते, फटीतून खेचायला जोर उरत नाही आणि कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या हवेपुढे फटीतली हवा नगण्य ठरते. चढावर ठीक आणि उतारावर वाईट, याचा अर्थ हवा थ्रॉटलच्या खालून कुठून तरी शिरतेय. थंड असताना गाडी बरी चालायची, कारण चोक ओढलेला असताना पेट्रोल जास्त जातं आणि खोट झाकली जाते.

अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे मूळ ब्रिटनच्या बीएमसीचं बी-सीरिज इंजिन. याच घराण्याचं इंजिन तिकडे मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आणि एमजीच्या गाड्यांत होतं. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या बाजूला, एकाच पॅकिंगवर. हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, तिथे पाचच तोंडं आहेत. पुढून मागे मोजत गेलं तर एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट, इनटेक, एक्झॉस्ट. पुढचं इनटेकचं तोंड पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरला, मागचं तिसऱ्या आणि चौथ्याला. प्लग काढून ओळीने फडक्यावर ठेवले तेव्हा पहिला आणि दुसरा खडूसारखे पांढरे, तिसरा आणि चौथा तपकिरी. मग पुढच्या तोंडाकडेच संशय घ्यायचा, हे उघड होतं.

खात्री करायला व्हॅक्यूम गेज लावलं. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणून आपल्याकडे जवळजवळ दोन इंच वजा धरायचे. हा हिशेब इकडे फारसा कुणी करत नाही. पुस्तकातला आकडा समोर ठेवून चांगलं इंजिन आजारी ठरवलेलं मी पाहिलंय. माझा काटा १२ आणि १३च्या मध्ये हलत होता. व्हॉल्व्ह जळलेला असेल तर काटा ठरावीक अंतराने झटका खातो. इथे तसे झटके नव्हते, काटा नुसताच खाली होता. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे असलं तरी काटा असाच खाली राहतो, म्हणून आधी टायमिंग तपासून घेतलं. ते बरोबर होतं.

शेवटची चाचणी पाण्याची. गाडी नुकती सुरू केलेली, एक्झॉस्ट जेमतेम कोमट, चोक पूर्ण आत. झाडांना मारायच्या फवाऱ्याने पुढच्या फ्लँजच्या कडेवर बारीक फवारा मारला. पाणी फटीत खेचलं गेलं, क्षणभर फट बुजली आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. मागच्या फ्लँजवर काही फरक नाही. बरेच मिस्त्री या कामाला पेट्रोलची पिचकारी किंवा कार्ब क्लीनर वापरतात. तापलेला एक्झॉस्ट त्याच फ्लँजला लागून असताना हे करू नये. या इंजिनावर तर अजिबात नको. पाणीसुद्धा तापलेल्या बिडावर मारायचं नाही, बीड तडकतं.

मॅनिफोल्ड उतरवायचं ठरलं तेव्हा शेजारच्या काकांना हाक मारली. राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत त्यांचं घर आहे. रोडवेजच्या वर्कशॉपात त्यांची नोकरी झाली, आणि या इंजिनाशी त्यांचं नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. आल्या आल्या त्यांनी माझ्या हातातला तेराचा पाना काढून घेतला.

"हा नको रे. अर्ध्या इंचाचा आण."

स्टड ५/१६ इंचाचे, म्हणजे अडीच सूती आहेत आणि नटाला अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा पाना लागतो. तेराचा चढतो, फिरतोही, पण जाम नटावर जोर लावला की कोपरे गोल करून टाकतो. आधीच्या कामात तेच झालं होतं. दोन नटांचे कोपरे गेलेलेच होते. सगळ्या नटांवर आदल्या रात्री रॉकेलमध्ये थोडं गिअर ऑइल मिसळून सोडून ठेवलं होतं. सकाळी बॅटरीची तार काढली, पेट्रोलची नळी बंद केली, कार्ब्युरेटर आणि खालचा पाइप सोडवला. नट सुटले. एक स्टड नटासकट बाहेर आला, पण त्याचं काही वाईट वाटलं नाही. त्याचे आटे नाहीतरी झिजलेले होते.

मॅनिफोल्ड बाहेर ओढलं आणि दुसऱ्या तोंडात टॉर्चचा प्रकाश टाकला. आत सिलिकॉनची एक पट्टी लोंबत होती. बोटाच्या पेराएवढी लांब, पेट्रोलने फुगून मऊ झालेली, चिमट्यात धरताच तुटणारी. थोडी आणखी सुटली असती तर सरळ व्हॉल्व्हखाली गेली असती. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही, फुगतं आणि सुटतं. ऑइल चेंबरला ते ठीक आहे, पाण्याच्या पंपालाही चालतं, पण जिथून पेट्रोलची वाफ जाते तिथे त्याला जागा नाही. मिस्त्री ते वापरतात कारण पृष्ठभाग वाकडा असला तरी सुरुवातीचे काही दिवस हवा थांबते आणि गाडी गॅरेजाबाहेर पडते.

हेडच्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली. किती कोंबली ते काकांनी खडूने फायरवॉलवर लिहून ठेवलं, म्हणजे बसवताना तेवढीच निघाली का ते पाहता येतं. जुन्या पॅकिंगचे तुकडे हेडला चिकटलेले होते. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं घासलं नाही. तोंडावर मास्क बांधून आणि पाणी मारून, पितळी पट्टीने हळूहळू खरवडलं. ग्राइंडरला चकती लावून हे काम दोन मिनिटांत होतं. पण चकती कडा गोल करते आणि मध्ये खळगा पाडते. ज्या फटीसाठी एवढा खटाटोप चाललाय, ती आपल्याच हाताने नव्याने तयार होते. हेड बिडाचं आहे, ते सोसतं. इनटेक अॅल्युमिनियमचं, त्यावर लोखंडी खरवडणी चालवायचीच नाही.

मग मोजमाप. या साऱ्या कामाचा जीव इथे आहे, आणि बहुतेक गॅरेजांत नेमकं हेच होत नाही.

स्टीलची सरळ पट्टी हेडच्या तोंडावर आडवी, उभी, तिरपी ठेवून फिलर गेजच्या मोजलेल्या जाडीच्या पाती खाली घालून पाहिल्या. हेड सरळ होतं, ०.०५ मिलिमीटरची पात कुठेच गेली नाही. एक्झॉस्टही ठीक. इनटेकच्या पुढच्या फ्लँजखाली मात्र ०.२०ची पात सहज सरकत होती. मी अशा जोडाला जास्तीत जास्त ०.१० सोडतो. त्याच्या दुप्पट फट तिथे होती, आणि तीही नेमकी पांढऱ्या प्लगांच्या बाजूला.

दुसरी गोष्ट काकांनी पकडली. त्यांनी व्हर्नियर मागितलं आणि फ्लँजची जाडी मोजायला लागले. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टला वेगवेगळे नट नाहीत. शेजारी शेजारी असलेल्या दोन्ही फ्लँजवर एकच जाड वायसर अर्धा अर्धा टेकतो आणि एकच नट दोघांना दाबतो. दोन्हींची जाडी सारखी असेल तरच दाब सारखा. एक पातळ असेल तर वायसर एक पाय तोकडा असलेल्या चौरंगासारखा कलतो, जाड बाजू दाबली जाते आणि पातळ बाजू मोकळी राहते. नट कितीही आवळा. आमच्या इनटेकला कधीतरी कुणीतरी कानस मारलेली होती, आणि ते एक्झॉस्टपेक्षा पाव मिलिमीटर पातळ भरलं. काकांनी जुना वायसर उजेडात धरून दाखवला. एका अर्ध्यावर नीट दाबलेली चकाकती खूण होती, दुसऱ्या अर्ध्यावर जुनी काजळी तशीच.

"हे बघ. या बाजूला तो टेकलेलाच नाहीये."

म्हणजे दोन कारणं होती आणि दोन्ही एकाच जागी. फ्लँज वाकडी, आणि तिच्यावर दाबही अपुरा. तिथे सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी केली असती तरी चाललं नसतं. अॅल्युमिनियम तापून जेवढं प्रसरण पावतं ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट. प्रत्येक वेळी गाडी गरम-थंड झाली की इनटेक हेडवर थोडं सरकतं. दाब बरोबर असेल तर पॅकिंग हे सरकणं सोसतं. चिकटवलेलं सिलिकॉन सोसत नाही, फाटतं.

फ्लँज सरळ करायला मशीनवर नेता आली असती. पण ०.२० मिलिमीटरसाठी मी हाताने करायचं ठरवलं, कारण मशीनवाला एका फेरीत लागेल त्यापेक्षा जास्त काढतो आणि हे मूळ कास्टिंग पुन्हा मिळणं कठीण आहे. कपाटाची जाड काच सपाट ओट्यावर ठेवली, तिच्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर ताणून बसवला, वर रॉकेल. इनटेक दोन्ही फ्लँजवर पालथं ठेवून आठच्या आकड्यात फिरवायचं, जोर मध्यावर, एका टोकावर नाही. मध्ये मध्ये फ्लँजला निळी शाई लावून काचेवर टेकवून पाहायचं. आधी शाई फक्त मागच्या फ्लँजवर आणि पुढच्याच्या एका कानावर उठत होती. मग खूण पसरत गेली. शेवटी दोन्ही तोंडांभोवती अखंड कडी उठली तेव्हा थांबलो. शेवटचे काही फेरे २४० नंबरवर. आत गेलेला कीस रॉकेलने धुतला, हवा मारली आणि बोट फिरवून पाहिलं.

घासल्यावर इनटेक आणखी पातळ झालं, म्हणून जाडी पुन्हा मोजली. आता फरक ०.४५ मिलिमीटर. इथे आमचे मतभेद झाले. माझं म्हणणं, एक्झॉस्टवर वायसर बसतो ती जागा मिलिंग मशीनवर तेवढी उतरवून घ्यावी. काका म्हणाले, "बीड एकदा काढलं की परत लागत नाही. वायसरला पायरी कर." ते बरोबर होते. सियागंजातून जाड स्टीलचे वायसर आणले आणि प्रत्येकाचा अर्धा भाग कानसने ०.४५ उतरवला. उतरवलेला अर्धा एक्झॉस्टवर, पूर्ण जाडीचा इनटेकवर. बाजू बदलू नये म्हणून पंचने खूण केली. दुपार त्यात गेली. पण पुढे कुणी मूळ जाडीचं इनटेक बसवलं तर फक्त वायसर बदलायचे, मॅनिफोल्डला हात लागलेला नाही. जुन्या गाडीवर परत फिरवता येणारं काम नेहमी पहिलं निवडावं, असं माझं ठाम मत आहे.

पॅकिंग दोन प्रकारचं मिळतं. एक नुसत्या शीटमधून कापलेलं, दुसरं एका बाजूला छिद्रांचा पत्रा असलेलं. दुसरं घ्यावं, आणि पत्र्याची बाजू मॅनिफोल्डकडे ठेवावी. बीएमसीच्या जुन्या मॅन्युअलमध्ये हेच सांगितलंय. सरकणं होतं ते मॅनिफोल्डच्या बाजूला, आणि तिथे गुळगुळीत पत्रा असेल तर पॅकिंग फाटत नाही. बसवण्याआधी पॅकिंग हेडवर धरून पाहिलं. मागच्या इनटेकला पॅकिंगची कड तोंडात थोडी आत येत होती. ती धारदार ब्लेडने कापली.

सीलंट लावायचा की नाही, यावर पुन्हा चर्चा. रोडवेजमध्ये सगळ्याला शेलॅक लावायची पद्धत होती आणि काकांचा हात सवयीने डबीकडे जात होता. लावायचंच तर पेट्रोलला टिकणारं आणि न सुकणारं, हायलोमारसारखं काहीतरी, तेही बोटाने पुसून उरेल इतकंच पातळ. पण पृष्ठभाग सरळ आणि दाब सारखा असताना त्याची गरज नाही. मी पॅकिंग कोरडं बसवलं. काकांनी मान हलवली, पण अडवलं नाही.

स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले, गेलेल्या स्टडच्या जागी नवा घातला, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावलं. नट पितळेचे घेतले. पितळ गंजून स्टडला धरत नाही आणि पुढच्या वेळी सुटतं. हेडमधली फडकी काढली, खडूच्या आकड्याशी ताडून पाहिली. पॅकिंग, एक्झॉस्ट, इनटेक, पायरीचे वायसर, सगळे नट आधी बोटांनी. मग मधून बाहेरच्या दिशेने, पाच, दहा, पंधरा फूट-पाउंड अशा टप्प्यांनी. बी-सीरिजच्या मॅनिफोल्ड नटांना १५ फूट-पाउंड पुरतात. हाताला हे कमी वाटतं. पण त्यापुढे आवळलं की आज सरळ केलेले कान पुन्हा वाकतात. मधल्या एका नटाला टॉर्क पाना पोचत नाही, तिथे साध्या पान्याने अंदाजाने. काकांचा अंदाज माझ्यापेक्षा भरवशाचा, म्हणून तो नट त्यांच्याकडे.

कार्ब्युरेटरचा तळसुद्धा काचेवर तपासला. दोन्ही कान खाली ओढलेले होते, वर्षानुवर्षं जास्त आवळल्यामुळे. तोही घासून सरळ केला. मधला फायबरचा ठोकळा तपासला, चीर नव्हती. त्याच्या वर आणि खाली नवीन पॅकिंग, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे. ही जागा लोक विसरतात. मॅनिफोल्ड उत्तम बसवून हवा तिथून खेचली तर सारी मेहनत वाया.

गाडी सुरू केली. चोक आत ढकलल्यावर इंजिन जड चालायला लागलं, कारण मिक्श्चरचा स्क्रू आजवर फटीच्या हिशेबाने उघडलेला होता. तो जवळजवळ एक आटा आत घेतला आणि स्लो कमी केला. गेजचा काटा साडेसतरावर स्थिर झाला. इंदूरच्या उंचीला हा आकडा उत्तम. फवारा पुन्हा मारून पाहिला, चारी बाजूंनी, आवाज बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, नट पुन्हा तपासले. पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं, त्यामुळे जवळपास सगळेच नट थोडे फिरले, मधले जास्त. हे दुसऱ्यांदा आवळणं गॅरेजात होत नाही, कारण तोवर गाडी मालकाच्या घरी गेलेली असते. म्हणून ज्याची गाडी त्याने ते स्वतः करावं. अर्ध्या इंचाचा पाना आणि दहा मिनिटं लागतात.

त्यानंतर महेश्वरला जाऊन आलो. उतारावर आवाज नाही, टोलनाक्यावर इंजिन एकाच सुरात. परत आल्यावर थंड करून नट तिसऱ्यांदा पाहिले, एकही हलला नाही. प्लग काढले तर चौघांचा रंग सारखा, पण अजून मनासारखा तपकिरी नाही, थोडा फिकट. त्याचं कारण मॅनिफोल्ड नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते. म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून (इंधनाच्या छिद्रातून) तेवढंच इंधन आलं तरी मिश्रण पातळ पडतं. मेन जेट एक नंबर मोठा लावून पाहायचा आहे. थ्रॉटलच्या शाफ्टलाही बुशमध्ये हलकं ढिलेपण जाणवतं, हवा तिथूनही थोडी जात असणार. पुढच्या रविवारी कार्ब्युरेटर उघडून आधी बुश बदलायची आणि मगच जेटला हात लावायचा, असं काकांशी ठरलंय.